चीफ रेडकरांचं फाउंडेशन

पहिल्याच भेटीत चीफ रेडकरांनी माझ्या छातीला स्क्रूड्रायव्हर लावला.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही पुण्याहून सिंगापूरला येऊन सेरंगूनच्या एका फ्लॅटमध्ये नुकतेच उतरलो होतो. सामानाची खोकी वाहून मी घामाघूम झालो होतो आणि समोरच्या दारावर ‘रेडकर’ ही पाटी दिसल्यावर उगाचच गहिवरून बेल वाजवली. दार उघडलं ते पन्नाशीच्या, चौकोनी बांध्याच्या, बनियनमधल्या गृहस्थांनी. मी नाव सांगेपर्यंत ते माझ्या धापांकडे कान देऊन उभे होते.

"हलू नका," म्हणाले आणि आतून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. त्याचं टोक माझ्या छातीवर टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"पंप चांगलाय," त्यांनी निकाल दिला. "देखभाल नाही. कूलिंग वॉटर पीत नाही ना? अटेंड करायला हवं."

मग त्यांनी मला चहा पाजला.

चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनिअर. वेंगुर्ल्याचा माणूस, उमेदीची सगळी वर्षं इंजिनरूममध्ये गेली. बोटीवर पंपाचं बेअरिंग कुरकुरतंय का ते असंच ऐकतात म्हणे. बोट सोडून आता ते तुआसच्या जहाजदुरुस्ती यार्डात नोकरी करत होते. पण भाषा बोटीवरचीच राहिली होती. माझ्या बायकोचा, वैदेहीचा, गुडघा दुखायला लागला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, ग्रीस संपलंय." मी सर्दीने बेजार झालो तेव्हा "गळती आहे, बंद करू नका, वाहू द्या." आणि कुठल्याही दुखण्याचा शेवट "अटेंड करायला हवं" असाच व्हायचा.

या चीफनी नर्सिंगच्या पदवीला नाव घातलं, तेव्हा सिंगापुरातल्या मराठी मंडळींना महिनाभर दुसरा विषय नव्हता.

एका परदेशी विद्यापीठाचा अभ्यासक्रम होता आणि त्याचे वर्ग इथेच भरायचे. गणपतीच्या कार्यक्रमात चीफनी भर पंगतीत जाहीर केलं, "मी ॲडल्ट नर्सिंगला जातोय." ‘ॲडल्ट’ शब्दावर दोन-चार पुरुषांना ठसका लागला. चीफ शांतपणे वरण ओरपत म्हणाले, "लहान मुलांचं वेगळं असतं, मनाच्या आजारांचं वेगळं. हे तुमच्यासारख्या मोठ्या झालेल्या आणि बिघडलेल्या माणसांचं."

"पण चीफ, या वयात कशाला?"

"मशिनं पुष्कळ झाली. आता माणसं."

यापलीकडे ते काही सांगत नसत.

शाळेत त्यांनी जीवशास्त्राला कधी हात लावला नव्हता. त्यामुळे पदवीच्या आधी एक फाउंडेशनचं वर्ष करणं भाग होतं. ते पास झालं तरच पुढे प्रवेश. दुसरा कुणी असता तर त्याला कमीपणा वाटला असता. चीफना तो शब्दच आवडला. "इंजिन कितीही भारी असू द्या केळकर, खालचं फाउंडेशन हललं की सगळं गेलं." यार्डातून सुटले की बुओना व्हिस्टाच्या वर्गात जाऊन ते सतरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत बसत. पोरी म्हणत, "अंकल, यू ऑल्सो टेकिंग एक्झाम, आह?" चीफ म्हणत, "येस. यू ऑल्सो?"

मूत्रपिंड त्यांना एका बैठकीत कळलं, कारण तो फिल्टर होता. हृदयाचे व्हॉल्व्ह तर त्यांनी शिक्षिकेलाच समजावून दिले असावेत. घोडं अडलं ते निबंधात. आजारी माणसाशी बोला आणि तुम्हाला काय वाटलं ते लिहा, असा तो पेपर. चीफ यार्डातल्या एका आजारी फिटरला भेटून आले आणि इंग्रजीत लिहिलं ते असं: ‘पेशंट सॅड. अटेंडेड. नाऊ रनिंग नॉर्मल.’

शिक्षिकेने खाली लाल शाईने विचारलं होतं, ‘आणि तुम्हाला काय वाटलं?’

"मला काय वाटलं!" चीफ तो कागद माझ्यासमोर नाचवत म्हणाले. "हे मला आजवर कुणी विचारलंय का? कुठून आणू आता?"

पुढच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकांची तयारी मात्र त्यांनी आधीच सुरू केली होती आणि त्यासाठी पेशंट म्हणून माझी नेमणूक झाली होती. रविवारी सकाळी मी त्यांच्या पलंगावर मढ्यासारखा पडायचो आणि ते मला न उठवता खालची चादर बदलायचे. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि त्या दणकट हातांनी ते मला इतकं अलगद कुशीवर वळवत की मला एकदा चक्क झोप लागली.

त्याच रविवारी जाग आली ती त्यांच्या फोनवरच्या बोलण्याने. इंजिनाच्या आवाजाने चीफ कानाने अधू झाले होते, त्यामुळे ते मोठ्याने बोलत आणि फोनचा आवाज वाढवून ठेवत, म्हणून पलीकडचं बोलणंही खोलीभर ऐकू येई. पलीकडे सुनंदावहिनी होत्या, त्यांच्या पत्नी. रत्नागिरीच्या एका हॉस्पिटलात त्या मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख होत्या.

"सुनंदा, ते पेशंटला कुशीवर वळवायचं मला काही जमत नाही बघ," चीफ सांगत होते. "हात नक्की कुठे घालायचा?"

मी उठून बसलो. चीफनी मला डोळ्यांनीच दटावलं.

"अहो, मागच्या रविवारी सांगितलं ना?" वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. मग त्यांना वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या आजी आठवल्या, त्यांची पाठ कशी जपावी लागली ते आलं, नव्या सिस्टर कशा घाई करतात ते आलं. चीफ रिसीव्हर धरून डोळे मिटून ऐकत होते. मधूनच "असं होय?" म्हणत होते.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "चीफ, तुम्हाला तर हे उत्तम येतं!"

ते उशीचा अभ्रा उगाच सारखा करत राहिले. मग म्हणाले, "आमचं लग्न झालं आणि आठवड्यात मी बोटीवर. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे, ‘जेवलीस?’ ‘जेवले. तुम्ही?’ ‘जेवलो.’ मग दोघं गप्प. तिचं सगळं आयुष्य त्या वॉर्डात गेलं केळकर, आणि मला त्यातला एक शब्द कळत नव्हता."

"मग वहिनींना इकडेच का बोलावत नाही?"

"मी कधी बोट सोडली तिच्यासाठी? आता तिला कुठल्या तोंडाने सांगू वॉर्ड सोड म्हणून?"

परीक्षा संपल्यावर वहिनी पहिल्यांदाच सिंगापूरला आल्या. बारीक अंगाच्या, ताठ चालीच्या, कमी बोलणाऱ्या. चीफनी घर असं घासलं होतं की ते बोटीच्या इन्स्पेक्शनलाही उतरलं असतं. दुसऱ्या दिवशी वैदेही त्यांना पुरणपोळ्या देऊन आली आणि हिरमुसून बसली.

"काय झालं?"

"अरे, दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसलेत. टीव्हीवर चिनी मालिका चाललीय. दोघांनाही ओ की ठो कळत नाही आणि दोघंही बघतायत."

फोनवर तासभर चालणारं बोलणं समोरासमोर आल्यावर आटून गेलं होतं. चार दिवस हेच. चीफ लिफ्टपाशी भेटले तेव्हा म्हणाले, "तिला रजा संपायची घाई झालीय बहुतेक." त्या दिवशी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशीसुद्धा केली नाही.

पाचव्या सकाळी ते आमच्या दारात उभे. "घरात बर्फ आहे का? सुनंदाला सणकून ताप भरलाय. डॉक्टर येऊन गेला, फ्लू म्हणाला."

बर्फ घेऊन मी आणि वैदेही गेलो. वहिनी ग्लानीत होत्या. घामाने चादर भिजली होती. चीफनी आमच्याकडे पाहिलंही नाही. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. वहिनींना त्यांनी कुशीवर वळवलं, ओली चादर गुंडाळत काढली, कोरडी सरकवली, कोपरे घट्ट दुमडले. कपाळ पुसलं, केस मागे घेतले, चमच्याने पाणी पाजलं. एकही हालचाल वाया नाही.

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चीफ घाबरले. "दुखतंय का गं? चुकलं का काही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आजवर मीच सगळ्यांना वळवत आले. मला असं कुणी..." मग त्यांनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे एकटक पाहिलं. "अहो, तुम्हाला तर सगळं येतं. मग दर रविवारी विचारत काय होता?"

चीफनी चमचा वाटीत ठेवला. म्हणाले, "तू बोलायचीस."

वैदेहीने माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं.

वहिनी बऱ्या झाल्या, रजा संपली, परत गेल्या. थांबा असं चीफ म्हणाले नाहीत आणि थांबते असं त्याही म्हणाल्या नाहीत. चीफ फाउंडेशन पास झाले, निबंधात अगदी काठावर. पुढचे वर्ग दिवसभराचे असल्यामुळे त्यांनी यार्डाचा राजीनामा दिला.

पदवीचं पहिलं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे चहा पीत बसलो होतो. या वेळी फोन रत्नागिरीहूनच आला.

"जेवलीस?" चीफनी विचारलं.

"जेवले." पण नेहमीचं ‘तुम्ही?’ न विचारता वहिनी म्हणाल्या, "अहो, तिकडे बोटीवर झोप लागायची का हो तुम्हाला?"

चीफनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला.

"नाही गं," ते म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "पहिली काही वर्षं तर मुळीच नाही."

मी कप ठेवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. कॉरिडॉरमध्ये थोडा वेळ उभा राहिलो. आतले शब्द कळत नव्हते. पण चीफ बोलत होते. अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत, बराच वेळ बोलत होते.