पाण्याच्या फळ्यावरचं वर्गसमीकरण

राजरत्न सरांचं वर्गमूळ पुण्याला पोचेपर्यंत त्याची कात्री झाली होती.

"सर, तुमच्या धड्यात तिसऱ्या ओळीत कात्री आहे," पुण्याहून प्रीती मॅडम फोनवर सांगत होत्या. "तिच्यापुढे टेलिफोन आहे, मग दोन घंटा. हे दहावीचंच गणित आहे ना?"

गणित दहावीचंच होतं. पुण्याच्या एका कंपनीने दहावीचं गणित मराठीतून इंटरनेटवर शिकवायचं काढलं होतं आणि त्यासाठी शिक्षकांकडून एकेक नमुना-धडा मागवला होता. ज्याचा पसंत पडेल त्याला वर्षभराचं काम. राजरत्नला या कामाची गरज होती. उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात तो तासांवर शिकवायचा, तिथे जूनपासून त्याला तास नाहीत असं गोड शब्दांत सांगून झालं होतं. धडा रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोचवायचा होता आणि आज शनिवार.

धडा लिहायला कंपनीने जे सॉफ्टवेअर दिलं होतं त्याला मराठी यायचं, गणित यायचं नाही. अपूर्णांक दिला की ते वरचा आकडा आणि खालचा आकडा एका ओळीत शेजारी शेजारी बसवायचं. वर्गमूळ दिलं की रिकामा चौकोन काढायचं. म्हणून राजरत्न उल्हासनगरात कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन फाँटची सीडी घेऊन आला. दुकानदार शेठने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "साईं, टेन्शन मत लो. दुनिया का हर निशान है इसमें." होतंही. राजरत्नच्या कॉम्प्युटरवर वर्गमूळ असं झोकात दिसत होतं की बस. पुण्यात ती सीडी नव्हती एवढाच काय तो घोळ.

"सर, सोपं करा," प्रीती मॅडम म्हणाल्या. "समीकरणं हाताने लिहा, फोटो काढा आणि फोटो टाका. फोटोची कात्री होत नाही."

आता इथे राजरत्नची एक अडचण सांगायला हवी. ती कुठल्याही शिक्षकाला लगेच कळेल. त्याचं कागदावरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. पण उभं राहून, हातात खडू घेऊन लिहायला लागला की मोती. मैत्रेयीने, म्हणजे त्याच्या बायकोने, लग्नाआधी त्याची चिठ्ठी वाचून हा मुलगा आजारी आहे का असं विचारलं होतं.

"फळा लागेल," राजरत्न म्हणाला.

"घरात कपाट ठेवायला जागा नाही, फळा कुठून आणू?" मैत्रेयी म्हणाली. "खाली जिन्याजवळ आहे की."

जिन्याजवळ होता तो जलतरंग सोसायटीचा फळा. ही इमारत बदलापुरात मांजर्लीला. पावसाळ्यात नदी तळमजल्यापर्यंत विचारपूस करायला येते आणि उन्हाळ्यात नळालाही यायला फुरसत नसते. त्यामुळे सोसायटीच्या फळ्यावर एकच विषय असायचा: पाणी. कधी येणार, कधी जाणार, किती वेळ येणार. सेक्रेटरी शंकरराव रोज सकाळी स्वतः लिहायचे आणि त्यांच्याशिवाय कुणी खडूला हात लावत नसे.

रविवारी सकाळी राजरत्न खडू, डस्टर आणि मेहुण्याचा डिजिटल कॅमेरा घेऊन खाली उतरला. फळ्यावर लिहिलं होतं: 'टाकी धुण्याचे काम असल्याने आज दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत पाणी बंद. भरून ठेवावे.' मैत्रेयीने दूध आणायला जाताना ते वाचून घरातलं यच्चयावत भांडं भरून ठेवलं होतं. म्हणजे सगळ्यांनीच वाचलं असणार, असं राजरत्नने मानलं. गणितात 'समजा' म्हटलं की पुढे जाता येतं, ती सवय.

तरी माणूस जबाबदार. त्याने आधी सूचनेचा फोटो काढला, म्हणजे नंतर जशीच्या तशी परत लिहिता येईल. मग फळा पुसला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: क्ष² − ५क्ष + ६ = ०. त्याखाली सूत्र, अपूर्णांक, घसघशीत छपराचं वर्गमूळ आणि शेवटी दोन रेघा मारून: क्ष = २ किंवा क्ष = ३. कॅमेरा डोळ्याला लावला आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

चार्ज करायला तो वर धावला. प्लग लावला आणि लोडशेडिंग सुरू झालं. आता समीकरण फळ्यावर, सूचना कॅमेऱ्यात आणि कॅमेरा बंद. "येईल की लाइट," असं म्हणून तो चार्जरजवळ बसून राहिला.

इकडे जलतरंग सोसायटी रविवारची निवांत उठून खाली उतरायला लागली. पहिल्या आल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वेणूबाई. हातात मटण आणायची पिशवी. घरी अंबरनाथहून पाहुणे आले होते, तेही आठजण. त्यांनी फळा वाचला.

"दोन नायतर तीनला पानी," त्यांनी मागून येणाऱ्या शलाकाला सांगितलं.

तळमजल्यावरची शलाका बँकेत कामाला. तिने नीट पाहिलं. "पण वरती बरोबर शून्य लिहिलंय, काकू."

"ते मधलं. मधी शून्य, मंग दोनला, नायतर तीनला. शंकररावांना तरी कुठं पक्कं ठाव असतं?"

हे अगदी पटण्यासारखं होतं. फळा पाण्याचा, आकडे वेळेचे, आणि शंकररावांच्या वेळेत नेहमीच 'किंवा' असायचा. बातमी मजल्या-मजल्यावर गेली. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत डाव्या बाजूच्या घरांना दोनला आणि उजव्या बाजूच्यांना तीनला, असा पक्का निकालही लागला आणि हा पक्षपात का, यावर भांडणही झालं. पाणी मात्र कुणीच भरलं नाही. दोनला येणारच आहे तर आधी कशाला मरायचं?

बाराला नळ कोरडे पडले. वेणूबाईंचं मटण पातेल्यात, धुवायचं बाकी. शलाकाच्या केसांना शिकेकाई लागलेली. दहा मिनिटांत अख्खी सोसायटी जिन्याजवळ जमली आणि मध्ये शंकरराव.

"मी स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं," शंकरराव म्हणत होते.

"कुठं हाय ते स्वच्छ?" वेणूबाईंनी फळ्याकडे बोट केलं.

शंकररावांनी चष्मा लावून क्ष कडे पाहिलं. सोसायटीत असली भाषा येणारा माणूस एकच होता. त्यांनी वर हाक मारली, "राजरत्न सर, खाली या." आणि तो उतरेपर्यंत, रागाच्या भरात, सगळा फळा पुसून टाकला.

राजरत्न जिन्यातच थांबला. लाइट आली होती, कॅमेरा चार्ज झाला होता आणि मोती गेले होते. वर्षभराचं काम डोळ्यांसमोर खडूची भुकटी होऊन उडालं. त्याला रडूच यायचं बाकी होतं, पण समोर शिकेकाई लावलेली शलाका उभी होती. तिच्यापुढे कुठल्या तोंडाने रडणार?

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "सूचना मी पुसली. मला पाच वाजेपर्यंत धडा पाठवायचाय, नोकरीचा प्रश्न आहे."

"आमचा आंघोळीचा आहे," शलाका म्हणाली.

मागून मैत्रेयी कॅमेरा घेऊन आली. "आमच्याकडे ड्रम भरलाय. पिंप आहे, टाकी आहे. दोनशे चाळीस लिटर तरी असेल. वाटून घेऊ."

क्षणभर सगळ्यांना बरं वाटलं आणि लगेच कुणाला किती यावरून आवाज चढले. घरटी सारखं म्हणावं तर एकटे शंकररावही एक घर. कुणी म्हणालं बादलीने मोजा, कुणी म्हणालं कुणाच्या बादलीने? राजरत्नने नकळत खडू उचलला. गलका झाला की फळ्याकडे वळायचं हीही सवयच.

"घरं राहू द्या, माणसं मोजू. चाळीस माणसं. प्रत्येकाला क्ष लिटर. म्हणजे चाळीस क्ष बरोबर दोनशे चाळीस." त्याने अपूर्णांक मांडला. "क्ष बरोबर सहा. माणशी सहा लिटर."

"आनि माझं पाव्हणं?" वेणूबाई बादली घेऊन पुढे आल्या. "ती काय माणसं नव्हं?"

"पाहुणे धरायचे नाहीत," शंकरराव म्हणाले.

"तुमच्या बहिणीची पोरं ऱ्हायली व्हती म्हैनाभर, तवा बरं धरलंत."

राजरत्नने चाळीस पुसून अठ्ठेचाळीस केले. "क्ष बरोबर पाच."

"म्हणजे यांच्या मटणापायी माझा लिटर गेला," शलाका म्हणाली.

"तुला रस्सा पाठवते."

"आता पडताळा," राजरत्न रंगात आला होता. "अठ्ठेचाळीस पंचे दोनशे चाळीस. डावी बाजू बरोबर उजवी बाजू."

"फळ्यावर बरोबर हाय," वेणूबाई म्हणाल्या. "ड्रमात हाय का ते बघू."

मग खरोखर पाच लिटरच्या डब्याने मोजून पाणी वाटलं. शंकरराव हिशेबाला उभे राहिले. शेवटचा डबा काठोकाठ भरला आणि ड्रमाचा तळ दिसला, तेव्हा अख्ख्या जिन्याने टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षं शिकवून राजरत्नच्या कुठल्याही उत्तराला कधी टाळ्या पडल्या नव्हत्या.

डब्याडब्यावर हुज्जत घालत वाटप संपलं आणि तो वर आला तेव्हा पाचाला थोडाच वेळ उरला होता. "वर्गसमीकरण राहिलं," तो म्हणाला. "आता काय पाठवू?"

मैत्रेयीने कॅमेरा पुढे केला. वाटणीच्या पहिल्या क्षपासून शेवटच्या डब्यापर्यंत तिने सगळ्याचे फोटो काढले होते. दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्याने तेच ओळीने लावले, खाली दोन-दोन वाक्यं लिहिली आणि देवावर विश्वास नसतानाही डोळे मिटून पाठवून दिले.

मंगळवारी प्रीती मॅडमचा फोन आला.

"सर, तिसऱ्या फोटोत बादली घेऊन एक बाई भांडतायत. त्या कोण?"

"त्या... पाहुण्यांच्या बाजूने आहेत. मॅडम, मी वर्गसमीकरण परत पाठवू का?"

"नंतर पाठवा. आमच्या परीक्षकांनी पहिल्यांदाच एखादा धडा शेवटपर्यंत वाचला. त्यांना पाणी पुरतं का ते बघायचं होतं. वर्षभराचं काम तुमचं. फक्त फळा तोच ठेवा आणि त्या बाईंनाही."

मैत्रेयीने साखरेचा डबा काढला आणि पहिली चिमूट सरांच्या तोंडात घालून ती वेणूबाईंकडे गेली.

फळा मिळवणं कठीण जाईल असं वाटलं होतं, पण शंकररावांनी स्वतःच मधोमध पांढरी रेघ ओढून दिली. डावीकडे पाणी, उजवीकडे गणित. आणि रेघ ओलांडायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी डावीकडे लिहिलं: 'आज पाणी सहा वाजता येईल.' हात झटकून ते वळले, तर मागे वेणूबाई उभ्या.

"सहाला?"

"सहाला. आता त्यात दोन-तीन काही नाही."

वेणूबाईंनी रेघेच्या डावीकडे नीट पाहिलं, उजवीकडेही पाहिलं.

"उत्तर लिवलंत," त्या म्हणाल्या. "पडताळा कुठाय?"

शंकररावांनी खडू खिशात टाकला आणि टाकीत पाणी किती आहे ते बघायला गच्चीचा जिना चढायला लागले.