खमीर दुभागले त्याची हकीकत

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न ॥ चूल पेटती राहो, परात भरली राहो, लिहिणाऱ्याचे हातून उणेअधिक न होवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासी, थंडीचे दिवसांत एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. चार खोल्यांचा मुलूख, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, इतुके जाणावे. प्रातःकाळी मुदपाकखान्यात ओट्यावर आंबत ठेविल्या पिठाची काचेची बरणी होती, आणि बरणीचे पोटास रबराचे कडे चढविले होते. रात्री पीठ जेथवर असेल तेथे कडे लावावे, आणि सकाळी पीठ कड्यावर किती चढले ते पाहावे, ऐसी योजना. कुमुदबाईसाहेबांनी चष्मा पुसून पाहिले, तो पीठ कड्यावर जेमतेम नखभर चढून पुनः खाली उतरले होते आणि चढल्या जागी काचेवर पुसट ओली रेघ राहिली होती. बुडबुडे मोहरीएवढे, तेही तुरळक, आणि वरती पिवळसर पाणी सुटलेले. बाईसाहेबांनी झाकण काढून वास घेतला, तो नाकात झणका गेला. मग झाकण लावून ठेविले.

बाईसाहेब या राज्याच्या धनी. रावसाहेब कैलासवासी जाहल्यास तिसरे वर्ष चालू होते आणि राज्यात बाईसाहेब आणि कन्या शर्वरी ऐशा दोघीच राहत होत्या. कन्या कचेरीत चाकरीस जात असे, परंतु चाकरीवर मन नव्हते. तिची मैत्रीण जुई डोंगरापलीकडील शहरी राहत होती, तिने मनसुबा केला, की तोर्तियांचे दुकान मांडावे. तोर्तिया म्हणजे समुद्रापलीकडील मुलखाची पोळी, गव्हाची, पातळ, मऊ, आत भाजी भरून गुंडाळून खावी ऐसी. त्यातही हिचे पीठ घरच्या खमिराने आंबवलेले असावे, म्हणजे चव निराळी, ऐसा बेत. शर्वरीने येऊन निम्मी धनीण व्हावे आणि संक्रांतीपर्यंत होय की नाही ते कळवावे, ऐसे जुईने लिहिले. मग कन्येने आईस पुसिले. वय तिशी ओलांडलेले, न पुसता निघाली असती तरी वाट कोण अडविणार? परंतु या राज्याचा रिवाज ऐसा, की आईच्या तोंडून होकार निघाल्याविना थोरले काम आरंभू नये, आणि कन्या रिवाज मोडणारी नव्हती. बाईसाहेबांनी ऐकून घेतले आणि डाळीस फोडणी दिली आणि मग बोलिल्या, "भाजी भरून गुंडाळली आणि चिरली नाही, अशी एक तोर्तिया माझ्या ताटात वाढ. मग बोलू दुकानाचं."

"एकच ना?" कन्येने पुसिले.

"एकच. पण तुकडे जोडून नाही."

ती अट रास्त होती, कारण चिरणारी तोर्तिया विकून दुकान किती दिवस चालणार? परंतु बाईसाहेबांचे मनी दुसरेही होते, की जितुके दिवस तोर्तिया साधणार नाही तितुके दिवस संध्याकाळी दोन ताटे मांडली जातील. हे त्यांनी आपणाशीही उघड म्हटले नव्हते.

मग कन्येने कणीक आणि पाणी कालवून खमीर धरिले आणि रोज मूठभर पीठ आणि तितुकेच पाणी घालीत गेली. शिकविणाऱ्यांनी मोबाईलवरी सांगितले होते, की दरवेळी खमिरातील बहुत भाग काढून टाकावा आणि उरल्या थोडक्यास नवे पीठ घालावे. कन्येने तैसे करण्यास बरणी बेसिनपाशी नेली मात्र, बाईसाहेब लगबगीने आल्या आणि बोलिल्या, "काय करतेस? या घरात अन्न टाकलंय का कोणी कधी?"

"आई, ते अन्न नाही अजून. ते खमीर आहे."

"पीठ कोणी आणलं? मी. गिरणीत उभं राहून. टाकायचं नाही म्हणजे नाही. तुझे बाबा ताटातलं शीत उचलून खायचे."

रावसाहेबांचे नाव निघाले तेव्हा कन्येने बरणी ओट्यावर परत ठेविली. मग खमिरातून काही काढणे बंद जाहले आणि घालणे तेवढे चालू राहिले आणि खमीर वाढत चालले. प्रथम मुरांब्याची बरणी भरली, मग लोणच्याची थोरली बरणी भरली, मग वर आले ते कल्हई केल्या पितळी पातेल्यात गेले, आणि पातेलेही भरले तेव्हा कुकराचे भांडे कामास लाविले, आणि डाळ शिजविण्यास भांडे उरले नाही. इतुके खमीर असून तोर्तिया काही साधेना. पीठ परातीस चिकटे, लाटता मध्येच फाटे, आणि तव्यावरून उतरली म्हणजे ताठ होई, आणि भाजी भरून गुंडाळू जाता काठास चिरे. दोष थंडीस दिला गेला. मग बरणीस शाल गुंडाळिली, पातेले फ्रिजचे माथ्यावर उबेस ठेविले, कुकर देवघरात समईशेजारी बसविला. त्या काळी कोणी परका राज्यात येता तर देवापुढे कुकर कशाचा, ऐसे पुसता.

परका नव्हे, घरचेच आले. बाईसाहेबांचे धाकटे बंधू मोरूमामा, विनोदाची जीभ आणि भुकेचे पोट घेऊन, तिळगुळाचे सामान पोहोचविण्यास आले आणि ताटावर बसले. कन्येने तोर्तिया वाढिली. मामांनी उचलिली तो हातात दोन जाहल्या.

"ताई, खाकरा छान झालाय," मामा बोलिले.

"मामा, तोर्तिया आहे ती," कन्या बोलिली.

"म्हणजे पोळीच ना?"

"पोळी नाही हो. पीठ आंबवलेलं असतं."

"म्हणजे पासपोर्ट काढलेली पोळी. व्हिसा तेवढा मिळालेला दिसत नाही." मामांनी तुकडा भाजीत बुडविला आणि मग आवाज उतरवून बहिणीस पुसिले, "ताई, पोरीला उत्तर काय दिलंस?"

"तोर्तिया नीट होऊ दे," बाईसाहेब बोलिल्या.

"आणि झालीच नाही तर?"

बाईसाहेबांनी त्यांचे ताटात आणिक भाजी वाढिली, आणि तो प्रश्न भाजीखाली गेला.

त्याच दिवशी तिसरे प्रहरी बाईसाहेब दुधास विरजण लावीत होत्या. कोमट दूध वाडग्यात ओतिले आणि चमच्याचे टोकाने जरासे दही घेऊन दुधात ढवळिले. रोजचे काम, परंतु त्या दिवशी हात थबकला. थोडक्या विरजणाने गोड दही लागते. वाटीभर घातले तर दही फसफसून आंबटढाण होते आणि पाणी सोडते, हे त्यांस लग्नाआधीपासून ठाऊक. मग त्यांनी बरणीकडे पाहिले. जुने आंबट खमीर पातेलेभर आणि त्यास नवे पीठ मूठभर. ते पीठ त्या आंबटात पडताच खाऊन संपणार, आणि मग भुकेले खमीर नुसते आंबत राहणार, आणि ऐशा आंबटाने कणकेचा ताण तुटणार. थंडीचा दोष नव्हता. चमचाभर ठेवून बाकीचे काढावे, इतुकेच औषध होते, आणि ते औषध आपणच अडविले होते. हे सर्व बाईसाहेबांस वाडग्यावर झाकण ठेवीतोवर उमगले. आणि झाकण ठेवून त्या बाहेरचे खोलीत गेल्या आणि टीव्ही लाविला. कन्या सायंकाळी आली आणि पुसिले, "फुगलं का गं?" तर बोलिल्या, "थंडी आहे." मग दुसरे दिवशी तैसेच आणि तिसरे दिवशीही तैसेच. ठाऊक असून न सांगणे हे बाईसाहेबांच्या राज्यात पूर्वी कधी घडले नव्हते, आणि जेवताना त्यांस घास गोड लागेना. ताटे तरी दोन मांडली जात होती. परंतु दुसऱ्या ताटावर कन्या मोबाईल पालथा ठेवून नुसता भात कालवीत बसे.

मग भोगीचे आदल्या दिवशी सकाळी, केस विंचरता विंचरता कन्या सहज बोलावे तैसे बोलिली, "आई, परवा संक्रांत. जुईला उद्या रात्री कळवून टाकते, नाही जमत म्हणून. ती दुसरं कोणी बघेल."

"का गं?"

"का काय? होत नाहीये ना. आणि आता तूही कंटाळलीस कुकरशिवाय. ते सगळं धिरड्यांत घालून संपवून टाक. मी नाही ठेवत परत."

इतुके बोलून तिने डबा घेतला आणि "येते" म्हणून कचेरीस गेली. बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. राग असता तर बाईसाहेब तोंडास तोंड देत्या. परंतु पोरीने ती गोष्ट ऐसी खाली ठेविली, की जैसे बाजारातून भाजी न घेता पिशवी रिकामी परत आणावी. बाईसाहेब दारात उभ्या राहिल्या. जिन्यावरचा पायरव खाली गेला तोवर उभ्या राहिल्या. त्यांस उमजले, की आपण पोर राखिली नाही, पोरीचे मन मोडून घरात बसविले.

मग बाईसाहेब मुदपाकखान्यात आल्या आणि पदर खोचला. मुरांब्याची बरणी रिकामी करून गरम पाण्याने धुतली, पुसली, आणि थोरले बरणीतून एक चमचा खमीर काढून तीत घातले, आणि त्याहून बहुत अधिक नवे पीठ आणि कोमट पाणी घालून घट्टसर ढवळिले, आणि रबराचे कडे लाविले. बाकीचे सर्व एका पातेल्यात ओतून त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर आणि ज्वारीचे पीठ घातले आणि धिरडी काढीत बसल्या. जाळीदार धिरडी डब्यांत भरून खालचे मजल्यावर आणि समोरचे दारी पोहोचविली. एक शीत वाया गेले नाही. कुकर घासून जागेवर गेला आणि देवापुढली जागा मोकळी जाहली. सायंकाळी पाहतात तो पीठ कड्याच्या दुप्पट चढून घुमटासारखे उभे, काचेआड जाळेच जाळे, आणि वास ताज्या ताकासारखा. कन्या परत आली तो बरणी समोरच.

"हे काय? कोणी केलं?"

"मी."

"आणि बाकीचं?"

"धिरडी केली. गेली सगळ्यांच्या पोटात."

कन्येने बरणी हाती घेऊन फिरवून पाहिली. "आई, हे तुला आधीपासून...?"

"चार दिवसांपासून," बाईसाहेब बोलिल्या. "हात धुऊन ये. पुन्हा थोडं काढून, पीठ घालून ठेवू. उद्या भोगी आहे."

कन्या हात धुऊन आली आणि पिठाचा डबा उघडिला.

भोगीचे दिवशी सकाळी दोघींनी मिळून पीठ भिजविले. मैदा, थोडी कणीक, मीठ, आणि तूप चोळून मग चढलेले खमीर आणि कोमट पाणी. मळून झाकून ठेविले, गोळे केले, पुनः झाकून ठेविले. लाटू गेल्या तो गोळा पसरत गेला आणि मागे आखडला नाही आणि फाटला नाही. तवा चांगला तापवून कोरडीच टाकिली, तो फोड उठले, पिंगट डाग पडले, आणि उतरवून फडक्यात गुंडाळिली, म्हणजे आपल्याच वाफेने मऊ राहावी. भोगीची भाजी तयार होती, वांगे, गाजर, पावटा, हरभरा, तीळकूट घातलेली. तेवढ्यात मोरूमामाही आले, कारण भोगीस बहिणीकडे जेवण्याचा त्यांचा नेम. कन्येने तोर्तिया बाईसाहेबांचे ताटात वाढिली आणि हात मागे घेतला. बाईसाहेबांनी भाजी भरिली, एक काठ दुमडिला, दुसरा दुमडिला, आणि हळूहळू गुंडाळीत गेल्या. मामा वाकून पाहत होते.

"चिरत नाही की हो," मामा कुजबुजले. "मिळाला व्हिसा."

"मामा, गप्प बसा," कन्या बोलिली.

बाईसाहेबांनी एक घास खाल्ला आणि सावकाश चावला. मग उठून ओट्यापाशी गेल्या आणि बरणीत उरल्या खमिराचे दोन भाग केले. एक भाग बरणीतच ठेविला, दुसरा रावसाहेबांचे प्रवासाचे स्टीलचे डब्यात घातला, आणि वर पीठ पेरून झाकण सैलसर लाविले, आणि डबा आणून कन्येपुढे ठेविला.

येणेप्रमाणे तोर्तियांचे राजकारण शेवटास गेले. अन्न टाकिले नाही, रिवाज मोडला नाही, खमीर दोन घरचे जाहले. बाईसाहेबांस कन्या गेल्यावर एक ताट मांडणे जड जाईल हे त्या जाणून होत्या आणि तरी खुर्चीवर ताठ बसल्या. एक शब्द तेवढा राहिला होता. तो बाईसाहेब, मामा ऐकत असता, स्पष्ट बोलिल्या ते ऐसे,

"शरू, जुईला फोन लाव. सांग तिला, आई हो म्हणाली."