टीसी आप्पांचा ऑस्ट्रेलियाचा फॉर्म

टीसी आप्पा लग्नाला गेले तरी मांडवाच्या दारात उभं राहून लोकांच्या पत्रिका तपासतात. लग्न कुणाचं का असेना. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सख्ख्या मामाला बाहेर ताटकळत ठेवलं, कारण मामा पत्रिका घरी विसरून आले होते. रेल्वेतून रिटायर होऊन आप्पांना बारा वर्षं झाली. काळा कोट कपाटात गेला, टीसी काही अंगातून उतरला नाही.

दौंड स्टेशनबाहेर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि आप्पा मागच्याच गल्लीत एकटे राहतात. त्यामुळे माझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकांचे कागद तपासणं ही त्यांची रोजची ड्युटी. कुणी दाखला काढायला आलं की हे विचारणार, "कागद काय म्हणतो?" माणूस काय म्हणतो, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. एका बाईंच्या अर्जात जन्माचं साल चुकून पुढच्या वर्षाचं पडलं होतं. "तुमी अजून जन्मलाच न्हाई, घरी जा," म्हणाले. बाई गेल्या त्या गेल्याच. असा माणूस समोरच्या दुकानात बसावा, अशी माझी फार इच्छा होती.

त्यांचा धाकटा भाऊ मधू ऑस्ट्रेलियात वेल्डर होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्याबद्दलही आप्पा तिरकंच बोलायचे. बापानं मेंढरं सोडून शिरूरकडं शेती धरली आणि हा शहाणा पुन्हा मेंढरांच्याच मुलखात जाऊन बसला, असं सगळ्या स्टेशनला ऐकवायचे.

एके दिवशी मधूच्या तिकडच्या शेजाऱ्याचा फोन आला. मधूला लकव्याचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आप्पा थेट शिक्रापूरला एका एजंटाकडे गेले. एजंटानं एकाहत्तर वर्षांच्या या माणसाला स्टुडंट व्हिसावर जायचा सल्ला दिला. म्हणाला, स्वयंपाकाच्या कोर्सला नाव घालतो, कॉलेजात चार दिवस तोंड दाखवा आणि मग भावाकडं राहा. आप्पांनी त्याचंच लायसन मागितलं. ते काही त्याच्याकडे नव्हतं.

मग ते माझ्याकडे आले आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. मी त्यांना समजावलं की व्हिजिटर व्हिसावर जाता येईल. तिकडच्या डॉक्टरचं पत्र लागेल, सख्खा भाऊ असल्याचा पुरावा लागेल आणि आपण परत येणार हे पटवून द्यावं लागेल. पुराव्यासाठी ते शिरूरकडच्या गावच्या शाळेत गेले. तिथल्या रजिस्टरात मधूचं नाव महादू निघालं. हेडमास्तर म्हणाले, माणूस तोच आहे, मी तसं लिहून देतो. यावर आप्पांनी त्यांना कागदाचं महत्त्व तासभर शिकवलं आणि मग कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र केलं.

गाडी अडली ती परतीच्या तारखेवर. मी विचारलं, परत कधी येणार?

"मधू हिंडाफिरायला लागंल तवा."

मी म्हटलं, असं चालत नाही, तारीख लागते. ते म्हणाले की जे ठाऊक नाही ते लिहिणं म्हणजे खोटा कागद, आणि खोट्या कागदावर त्यांनी जन्मात कुणाला सोडलेलं नाही. मी पुष्कळ डोकं फोडलं. शेवटी त्यांच्या हट्टानं तेच वाक्य इंग्रजीत टाइप केलं. अर्ज नामंजूर झाला. हा माणूस परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं कारण आलं. खोटं कशाला सांगू, मला थोडं बरंच वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना खाली उतरवलं, आता बसा फलाटावर.

तीन आठवडे ते दुकानाकडे फिरकले नाहीत. मग आले ते हातात एक चिठ्ठी घेऊन. तिच्यावर परतीची तारीख होती, बरोबर तीन महिन्यांनंतरची. मी टोमणा मारला, की आप्पा, हे खरं का?

"खरं करीन," ते म्हणाले.

आता भावाची काय काळजी घेणार, तेही नव्या अर्जासोबतच्या पत्रात लिहायचं होतं. आप्पा खाली बघत सांगू लागले. "लिव, दाढी करीन. त्याला दुसऱ्याच्या हातची चालत न्हाई. आई गेली तवा सहा वर्साचा व्हता. न्हाऊ मीच घालायचो, केस मीच इंचरायचो. आत्ताबी त्याला कुणीतरी लागणारच की."

मी एकच ओळ दोनदा टाइप केली आणि दोनदा पुसली. ते मला म्हणाले, "स्पेलिंग आडलं का?"

या वेळी व्हिसा आला. आप्पा गेले, आणि लिहिलेल्या दिवशी परत आले. मधू तोवर उशीला टेकून बसायला लागला होता, पण चालत नव्हता. मुदत वाढवायचा अर्ज करा, असं तिकडचा शेजारी सांगत होता. आप्पांनी ऐकलं नाही, सही केलीय म्हणाले. मधूला एका केअर होममध्ये ठेवून ते निघून आले. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढाही कागदाचा गुलाम असू नये माणसानं.

परवा दुपारी ते दुकानात आले. तिकडच्या नर्सनं सांगितलं होतं, आजारी नातेवाइकाला सांभाळायला येणाऱ्यांसाठी निराळा, कायमचा व्हिसा असतो. मी शोधलं. खरंच असतो. पण त्याची रांग इतक्या वर्षांची, की मला ते मोठ्यानं वाचवेना. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"आप्पा, तोवर तुम्ही..."

"कळतंय मला," ते म्हणाले. "पर रोज फोनवर तो 'कवा' म्हणून इचारतो. त्याला तेवढा एकच शबुद नीट येतो. नंबर लावलाय, एवढं तरी सांगता यील."

मी फॉर्म उघडला आणि आजारी नातेवाइकाच्या रकान्यात मधूचं नाव घातलं.