सूर्य नवऱ्याच्या पाठीशी

सर्व संबंधितांस कळावे, की मी विवाहित आहे. गेली बावीस वर्षे आहे. बायकोला विचारलंत तर ती तारखेसकट आणि तक्रारींसकट सांगेल. पण कार्यालयाला साक्ष नको होती, संयुक्त छायाचित्र हवं होतं.

झालं असं, की बायको इस्पितळात परिचारिका. तिला बढती मिळाली आणि बढतीसोबत बदली. दूरच्या गावी, दोन वर्षांसाठी, येत्या सोमवारपासून. तिथे जोडप्याला दोन खोल्यांचं घर मिळतं आणि एकट्या बाईला वसतिगृहात एक खाट. घर हवं असेल तर शुक्रवारी साडेपाचच्या आत ‘सहजीवनाचा दाखला’ काढायचा, अर्जाला दोघांचा एकत्र फोटो जोडून.

“मला नाही हं तिकडे एकटीला राहायचं,” बायको म्हणाली. “शोधा एखादा. चाळीस हजार फोटो आहेत ना तुमच्याकडे?”

चाळीस नाही, एक्केचाळीस. मी हौशी छायाचित्रकार आहे. हौशी म्हणजे ज्याला कुणी बोलावत नाही आणि जो तरीही कॅमेरा घेऊन जातो. दोन दिवस शोधलं. दवाचे थेंब अकराशे निघाले, कोळ्याची जाळी सहाशे, गंजलेली कुलुपं मोजली नाहीत. बायको तीनशे फोटोंत होती, त्यांतल्या निम्म्यांत पाठमोरी, कारण झाड किती मोठं आहे हे कळायला शेजारी काहीतरी उभं करावं लागतं. मी एकातही नव्हतो. लग्नातसुद्धा नाही. आमच्या लग्नाला आलेला फोटोवाला सरळ तोंडावर फ्लॅश मारत होता. मला ते बघवेना, म्हणून मीच कॅमेरा हातात घेतला. सगळ्या फोटोंत नवरी आहे आणि तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. खुर्ची फार सुरेख आली आहे.

बुधवारी आम्ही कार्यालयाच्या खिडकीशी गेलो. “लग्नाच्या नोंदीचा कागद चालत नाही का?” मी विचारलं.

“नोंद म्हणजे लग्न झालं,” खिडकीमागच्या बाई म्हणाल्या. “ते अजून चालू आहे, हे फोटोवरून कळतं.”

मग मी माझा हुकमी एक्का काढला. जेवणाच्या टेबलावर बायको बसली आहे, पुढे स्टीलचा चमचा, आणि चमच्याच्या खोलगट भागात, नीट पाहिलं तर, मी. उलटा, पण मीच. बाईंनी भिंग लावलं. मग फोटो फिरवून धरला.

“आता तुम्ही सरळ आलात, पण या उलट्या झाल्या. उभय पक्ष एकाच दिशेला हवेत.”

“अहो, तो प्रकाशाचा नियम आहे.”

“हा कार्यालयाचा आहे,” बाई म्हणाल्या, आणि खिडकी बंद झाली.

गुरुवारी मी तीन फोटो घेऊन गेलो. तिन्हींत बायको समुद्रकाठी उभी आणि तिच्या पायांपर्यंत माझी लांबलचक सावली. फोटोत स्वतःची सावली येणं ही नवशिक्याची चूक. असे फोटो मी लोकांना दाखवत नाही, फेकवतही नाहीत. बाईंनी ते आत साहेबांकडे पाठवले. साहेब कामाला चोख होते. सावली आहे हे त्यांना मान्य होतं. ती कोणाची, एवढाच मुद्दा होता. चार वाजता आम्हा सगळ्यांना अंगणात नेलं, मला उन्हात उभं केलं आणि शिपायाने टेपने माझी सावली मोजली. मी त्यांना समजावून सांगितलं की सूर्य जितका खाली तितकी सावली लांब, आणि चारच्या उन्हापेक्षा सहाचं ऊन केव्हाही मऊ. शिपाई म्हणाला, हलू नका.

साहेबांनी शेरा लिहिला: ‘उंची जुळते. पोट जुळत नाही. सबब सावली अन्य पुरुषाची असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

“अहो, फोटो अठरा वर्षांपूर्वीचे आहेत,” बायको म्हणाली. “पोट नंतर आलं. मी आणलं ते.”

“पोटाच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने काढलेले फोटो आहेत?” साहेबांनी विचारलं. माझ्याकडे भोपळ्याच्या वाढीचे होते.

घरी येताना ती म्हणाली, “प्रत्येक फोटोत माझे डोळे बारीक का हो?”

“अगं, नियमच आहे. सूर्य नेहमी छायाचित्रकाराच्या पाठीशी हवा.”

“म्हणजे बावीस वर्षं सूर्य तुमच्या पाठीशी आणि माझ्या डोळ्यांत.”

मलाही तिच्याशिवाय दोन वर्षं राहायचं नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं ते असं, की ढगाळ दिवशी डोळे इतके बारीक होत नाहीत.

शुक्रवारी पाच वाजता साहेबांनी स्वतःच मार्ग काढला. बायकोचे समोरून काढलेले फोटो टेबलावर ओळीने मांडून ते म्हणाले, “प्रत्येक फोटोत बाई कपाळाला आठ्या घालून एकाच माणसाकडे बघताहेत. परक्याकडे असं कोण बघेल? नवरा आहे, हे सकृद्दर्शनी सिद्ध होतं. नियमापुरता एक संयुक्त फोटो आमच्या फोनवर काढू, की संपलं. एका अर्जामागे एकच फोटो काढता येतो, तेवढं लक्षात ठेवा.”

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. खिडकीमागच्या बाई फोन घेऊन समोर उभ्या राहिल्या. मी बायकोशेजारी उभा राहिलो. तिने माझा दंड धरला. एवढंच करायचं होतं.

पण वर ट्यूबलाइट होती. डोक्यावरून सरळ खाली. अशा उजेडात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो.

“एक मिनिट,” मी म्हणालो.

“अहो, राहू द्या ना,” बायको म्हणाली.

मी तिला दोन पावलं अंगणाकडच्या खिडकीकडे सरकवलं. साहेबांच्या टेबलावरची पांढरी फाइल उचलली आणि तिच्या हनुवटीखाली जरा लांबून धरली, म्हणजे खालून उजेड उसळून चेहऱ्यावर येतो. “डोळे मिट. तीन म्हटलं की उघड. मग बारीक होत नाहीत.” तिने डोळे मिटले. ती हसायला लागली होती. एक, दोन, तीन. बाईंनी बटण दाबलं.

फोटो अप्रतिम आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचे डोळे पूर्ण उघडे दिसले. घारे आहेत. डाव्या कोपऱ्यात एक फाइल आहे आणि ती धरणारी चार बोटं.

साडेपाचला दाखला मिळाला: ‘बाईंस पती असल्याचे आढळून येते. तथापि तो चौकटीबाहेर राहतो. सबब बाईंची सोय एकटीची करावी.’

सोमवारी ती गेली. जाताना तिने फोटो काढू दिला नाही. नुसता माझा हात धरून उभी राहिली आणि मग गाडीत बसली. तो कार्यालयातला फोटो मी मोठा करून भिंतीवर लावला आहे. येणारा-जाणारा उजेडाचं कौतुक करतो.

तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा. फक्त हसून झालं की आपला फोन उघडा आणि तुम्ही आणि तुमचं माणूस शेजारी-शेजारी उभे आहात असा एक फोटो शोधून ठेवा. हात लांब करून स्वतःच काढलेले धरत नाहीत. त्यांत तुमचं नाक आहे आणि माणूस मागे अर्धं कापलं गेलं आहे. सावकाश शोधा. खिडकी साडेपाचला बंद होते.