फेट्याचं दुसरं टोक

दत्ताभाऊंच्या दारावरून जाताना हात मोकळे ठेवू नयेत, हे आमच्या इमारतीत नव्याने राहायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. मोकळा हात दिसला की दत्ताभाऊ त्यात फेट्याचं टोक देतात. दूधवाला, गॅसवाला, इस्त्रीवाला, मी, कोणीही सुटलेलं नाही. "टोक धरा की वो जरा!" असं म्हणून ते कापडाचं दुसरं टोक घेऊन व्हरांड्याच्या पार पलीकडे जातात. मग कापड ताणून चुण्या घालून होईपर्यंत आपण खुंटीसारखं उभं राहायचं. जयपूरच्या मालवीय नगरात मराठीचा गंध नसलेल्या माणसांनाही 'टोक' हा शब्द कळतो, तो यामुळेच.

दत्ताभाऊ मूळचे कोल्हापूरचे. विमा कंपनीत अधिकारी होते, बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मी बँकेतून निवृत्त झालेला नाशिककर, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्यामुळे माझा हात त्यांना सगळ्यात जवळचा. मी टोक धरून दुसऱ्या हाताने पेपर वाचतो, याचा त्यांना भयंकर राग आहे. "हात ढिला हाय तुमचा. बँक कशी चालवली वो ह्या हातानं?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचं काही वाटत नाही.

तयार साफ्यांवर त्यांचा विशेष दात. टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे ते साफे जयपुरात ढिगाने मिळतात. शेजारच्या शर्माजींचा मुलगा एकदा घोड्यावर बसायच्या आधी पाया पडायला आला तो असला साफा घालून. दत्ताभाऊंनी आशीर्वाद देता देता तो उचलून टेबलावर ठेवला. "लगीन करायला निघालायस की कुकरवर झाकण ठेवायला? भैया, टोक पकडो!" खाली घोडा ताटकळला, बँडवाल्यांनी तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं, शर्माजी लालबुंद होऊन जिना चढून आले. पण कोल्हापुरी फेट्यातला मुलगा पाहिला आणि त्यांनी मुकाट्याने आपलंही डोकं पुढे केलं. वरात बऱ्याच उशिरा निघाली, पण निघाली ती रुबाबात.

आणि एवढ्या डोक्यांना मुकुट चढवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं डोकं मात्र उघडं. सुमनवहिनी होत्या तोवर सणावाराला त्यांच्या डोक्यावर केशरी फेटा असायचा. वहिनी गेल्या आणि फेटा उतरला तो उतरलाच. एकुलत्या एका केतकीच्या लग्नातही सगळ्या मांडवाला फेटे बांधून हे बोडक्याने उभे. विचारलं तर म्हणायचे, "घाम येतो." जयपूरच्या जानेवारीतसुद्धा हेच उत्तर. मी एकदा म्हणालो, "चला, मी धरतो टोक." तर म्हणाले, "तुमचा हात ढिला हाय." विषय संपला.

केतकीला ते फार लागलं होतं. ती नोकरीसाठी स्पेनमध्ये सेव्हिल शहरात राहते. या वर्षी तिने बाबांना इस्टरला बोलावलं आणि सोबतीला मलाही. फोनवर मला हळूच म्हणाली, "काका, इथे मोठी मिरवणूक असते. बाबांनी फेटा बांधून माझ्यासोबत उभं राहावं, मतलब, एवढंच पाहिजे मला. तुम्ही मनवाल ना?" मी हो म्हणून बसलो. दत्ताभाऊंनी वहिनींच्या हातची घडी असलेला केशरी फेटा पिशवीत घेतला खरा, पण "घेतलाय म्हंजे बांधीन असं न्हाई" हेही निघतानाच बजावलं.

इस्टरच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही शहर बघायला निघालो. त्या दिवसापासून तिथे आठवडाभर मिरवणुका असतात. हवेत संत्र्याच्या फुलांचा वास भरलेला, बाल्कन्यांवर लाल कापडं सोडलेली. दत्ताभाऊंनी भलंमोठं चर्च पाहिलं, त्याचा उंच मनोरा पाहिला आणि गल्ल्या पाहून "जोहरी बाजाराच्या मागची बाजू हाय की ही" असा निकाल दिला. प्रत्येक वळणावर मी पिशवीकडे बघून घसा साफ करायचो आणि ते पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे. केतकीने दुपारपर्यंत तीनदा विचारलं, "बाबा, आता?" नंतर तिने विचारणं सोडलं. त्या पोरीचं तोंड बघवेना मला.

दुपारी मिरवणूक आली. पुढे उंच निमुळत्या टोप्या घातलेली, तोंडं झाकलेली माणसं. दत्ताभाऊंनी एक नजर टाकली. "रेडीमेड." त्यांच्या मागे मेणबत्त्यांच्या रांगांमध्ये मेरीमातेची मूर्ती, आणि तिचं ते प्रचंड मखर आपोआप डुलत येत होतं. केतकी म्हणाली, "आपोआप नाही बाबा. पडद्याखाली माणसं आहेत. मानेवर उचलतात."

मखर आमच्यासमोरच थांबलं. पडदा वर झाला, घामाने निथळलेले गडी बाहेर आले आणि त्यांच्या जागी जाणारे नवे गडी तयार व्हायला लागले. डोक्याला जाड गोणपाटी कापड गुंडाळलेलं, आणि कमरेला बांधायला लांबच लांब पट्टा. एकाने पट्ट्याचं टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक पोटाशी धरून गरगर फिरत तो कमरेला गुंडाळून घ्यायचा. दत्ताभाऊ बघतच राहिले. एका दाढीवाल्या तरुणाचा सोबती गर्दीत कुठे अडकला होता. त्याने पट्टा हातात घेऊन इकडेतिकडे पाहिलं आणि समोर मोकळे हात दिसले ते दत्ताभाऊंचे. त्याने सरळ टोक त्यांच्या हातात दिलं.

मला हसू फुटलं. उभ्या मालवीय नगराच्या हाती टोक देणाऱ्या माणसाला शेवटी कोणीतरी टोक दिलं होतं! दत्ताभाऊ हसले नाहीत. त्यांनी पाय रोवले, मागे रेलून पट्टा असा ताणला की तो गडी फिरत फिरत थेट त्यांच्या छातीशी आला. पट्टा चाचपून तो खूश झाला, त्यांच्या खांद्यावर थाप मारून काहीतरी बोलला आणि पडद्याखाली शिरला. "काय म्हणाला?" दत्ताभाऊंनी विचारलं. केतकी म्हणाली, "घरच्या माणसासारखं धरलंत, म्हणाला."

दत्ताभाऊंनी खांद्यावरची पिशवी खाली घेतली. मग पिशवीतून केशरी फेटा काढला. मी लगेच हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टोक केतकीच्या हातात दिलं.

"ढिलं सोडू नगंस. तुझी आई कधी सोडायची न्हाई."

केतकी रडत होती, पण हात काही ढिला झाला नाही. भररस्त्यात एकेक पेच चढत गेला, लोक बाजूला सरकून जागा करून देत होते. शेमला पाठीवर पडला आणि त्याच वेळी आतल्या गड्यांनी एका झटक्यात मखर उचललं. गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला, बँड सुरू झाला. टाळ्या मखरासाठी होत्या हे मला पक्कं ठाऊक आहे, पण दत्ताभाऊंनी मान किंचित लववून त्यातल्या थोड्या स्वतःकडे घेतल्या. लेकीचा हात धरून ते असे उभे राहिले की मिरवणूकच त्यांना बघायला आलीय असं वाटावं. माझीही छाती फुगली होती, आणि डोळ्यांना का पाणी आलं ते मी कोणाला सांगितलं नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी पेपर घेऊन जिना उतरत होतो. दत्ताभाऊ दारात केशरी कापड घेऊन उभे होते.

"कोणाचं डोकं आज?" मी विचारलं.

"माझंच." त्यांनी टोक पुढे केलं. "हात ढिला हाय तुमचा. पर घरचा हाय."

मी पेपर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टोक धरलं.