वरचेवर येणाऱ्या वाक्यांची चिन्हं

धाराशिवच्या बसस्थानकासमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा लघुलेखन वर्ग चालतो. न्यायालयात स्टेनो व्हायचं तर वेग हवा, आणि आमच्या मुलांचा वेग 'साक्षीदार' शब्दाला अडखळायचा नि 'मुखत्यारपत्रा'पाशी जीव सोडायचा. यावर संचालक या नात्याने मी शास्त्रशुद्ध उपाय योजला.

महिनाभर निरनिराळ्या न्यायालयांत मागच्या बाकावर जाऊन बसलो. तेव्हा ध्यानात आलं की तिथे नवं असं कुणी फारसं बोलतच नाही. वकील बाहेरगावी आहेत. पुढील तारीख द्यावी. साक्षीदारास नक्की सांगता येत नाही. साक्ष वाचून दाखवली, ती बरोबर आहे. अशा वरचेवर येणाऱ्या प्रत्येक वाक्याला मी एक चिन्ह दिलं. सबंध वाक्य, एकच रेघ. पुढील तारखेला तर नुसता ठिपका पुरला.

वर्गाचा कायापालट झाला. बोलणारा श्वास घेईतोवर मुलं त्याचं वाक्य संपवू लागली. त्यांत ढोकीची हर्षाली सर्वांत तल्लख. एकदा तिने विचारलं, "सर, चिन्ह नसलेलं वाक्य आलं तर काय करायचं?"

"जवळचं चिन्ह घालायचं. हात थांबता कामा नये. थांबला तो नापास."

हर्षाली परीक्षेत पहिली आली आणि एका तालुक्याच्या न्यायालयात रुजू झाली. कोणत्या, ते सांगत नाही. अवमानाचा कायदा खासगी क्लासलाही लागू आहे.

तिथले न्यायाधीश पूर्वी साक्षीदाराचं ऐकून घेत आणि मग काय लिहायचं ते स्वतः सांगत. हर्षालीचा वेग पाहून त्यांनी हा त्रास सोडला. साक्षीदार बोलेल ते तिनेच थेट उतरवावं, असं ठरलं. कामकाज जेवणाच्या सुट्टीआधी आटपू लागलं, त्यामुळे सगळेच खूश होते.

मग बेंबळीकडच्या कडूबाई साक्षीला उभ्या राहिल्या. शेजारच्या अमरसिंहने त्यांच्या शेताची वाट जेसीबी लावून उकरून टाकली होती. काढलेलं सोयाबीन शेतातच भिजत पडलं होतं. तिथे वाट होती, याला कडूबाईंच्या तोंडाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. त्यांचे वकील, रिवाजाप्रमाणे, बाहेरगावी होते.

कडूबाई म्हणाल्या, "मालक गेले तवा तिरडी ह्याच वाटंनं शेतात नेली सायेब. म्होरला खांदा ह्या अमरसिंहाचाच हुता. आन आता ह्योच म्हंतो, हितं वाटच न्हवती."

अमरसिंहने मान खाली घातली. पण हात थांबता कामा नये. तिरडीचा खांदा आणि शेताची वाट एकाच वाक्यात येतील, अशी तरतूद मी अभ्यासक्रमात केलेली नव्हती. हर्षालीने जवळचं चिन्ह घातलं: साक्षीदारास वाटेबाबत नक्की सांगता येत नाही. पाठोपाठ दुसरी रेघ: साक्ष वाचून दाखवली, ती बरोबर आहे. त्याखाली कडूबाईंचा अंगठा घेतला.

निकालापर्यंत न्यायाधीशांची बदली झाली. नव्या साहेबांनी कागद पाहिला. कागद स्वच्छ होता, खाडाखोड नव्हती. दावा फेटाळला गेला.

परवा कडूबाई आमचा जिना चढून वर आल्या.

"मास्तर, कोर्टातली ती लिवनारी पोरगी म्हनली, माज्या बोलण्याला तुमच्याकडं चिन्ह न्हाय. येक काढा की."

मला मनापासून वाईट वाटलं. पण शास्त्राला वाईट वाटून चालत नाही. मी म्हणालो, "आजी, चिन्ह वरचेवर येणाऱ्या वाक्याला मिळतं. तुमचं एकदाच आलं."

"मग म्या वरचेवर येते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्या खाली जिन्यापाशी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिरडीपासून सगळं सांगतात. बसस्थानकावर आपलंही येणं-जाणं असतंच. काल आपण त्यांच्यापुढे थांबलात, 'अरेरे' म्हणालात, मान हलवलीत आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुळजापूरची गाडी धरलीत. मी वरून खिडकीतून पाहत होतो. एवढा वेग माझ्या एकाही विद्यार्थ्याला साधलेला नाही.

आपण कोणत्या क्लासला होता?