गिरमाजीपंत पारखी यांनी शब्द फिरविला त्याची हकीकत

श्री. जो अवघ्यांस खेळवितो आणि आपण जिंकलो ऐसे कधी सांगत नाही, त्या श्रीखेळियास आधी दंडवत, मग बाकीच्यांस. राज्यशक एकसष्ट, चित्रभानू नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास, थंडी बेताची, ते समयीची ही हकीकत. राज्याचे नाव पुसू नये. आम्हांस ठाऊक आहे, परंतु सांगावयाची मर्जी नाही.

राज्य तळ्याकाठी वसले होते, आणि तळे ऐसे थोर की पलीकडचा काठ सकाळी दिसे तो दुपारी दिसत नसे, आणि लोकांस व्यसने दोनच, एक तंबाखूचे आणि दुसरे पडद्यावरील खेळांचे. पडदा काचेचा, आतोन उजेड येणारा, आणि त्यास जोडलेली बटणे हाती धरोन दाबावी, म्हणजे आतली माणसे चालतात, उड्या घेतात, मरतात, आणि काही झालेच नाही ऐसे उठोन पुन्हा चालू लागतात. मोठे कारखाने होते ते मोठे खेळ करीत, त्यांत तोफा फार, आणि त्यांची बखर त्यांनी स्वतःच लिहवून घेतली आहे, ती त्यांस लखलाभ असो. आमची हकीकत एकट्यादुकट्या कारागिरांची. म्हणजे घरच्या घरी बसोन, आपणच चित्र काढोन, आपणच गाणे बसवून, आपणच चुका करोन, जे पेटीत एक खेळ घालोन दरबारी आणीत, त्यांची. दर मार्गशीर्षात हे लोक येत, आणि दरबारचा पारखी सर्वांदेखत खेळ खेळे, आणि मग मत देई. चाल ऐसी की कारागिराने तोंड उघडू नये, खेळाने काय ते बोलावे. आणि पारख्याने एकदाच बोलावे आणि बोललेला शब्द फिरवू नये, फिरविला तर गादी सोडावी. जो खेळ नापसंत तो अमावास्येपर्यंत पारख्याचे घरी कुलुपात राहे, आणि अमावास्येस कारागिराने घाटावर येऊन तो आपल्या हाताने पुसावा, मागे काही ठेवू नये. चाल कठीण खरी, पण चालीस कोणी विचारले आहे!

ते समयी पारखी गिरमाजीपंत. बोटे ऐसी चपळ की बटणे दिसत नसत, नुसता टिकटिकाट ऐकू येई, आणि जीभ त्याहोन चपळ, आणि कोणाची भीडभाड म्हणोन नाही. त्या वर्षी पहिला खेळ हैबतराव कारंजकरांचा, कंदिलांमधोन उडणाऱ्या पतंगाचा. पंत खेळले आणि बोलिले की, "पतंग बरा, कंदील फार बरे, पण हैबतराव, खरी कमाई गाण्याची आहे. गाणे काढले तर उरतो एक किडा. पसंत." हैबतराव लाल जाहले आणि हसले. मग ढगांत पेरू विकण्याचा खेळ आला, त्यास पंत म्हणाले की, "आरंभी स्वर्ग, पुढे नुसती दुकानदारी. दुकानच पाहणे तर माझा मेहुणा आहे, त्याकडे बसतो, तो चहा तरी देतो." मग विहिरीतील बेडकाचा खेळ आला, त्याची चित्रे ऐसी की बेडूक कोणता आणि शेवाळ कोणते कळेना, परंतु बेडकाची उडी पंतांस मोठी गोड वाटली, आणि ते म्हणाले, "या उडीसाठी बाकी सगळे माफ." आणि एक भुताचा आला, त्यावर म्हणाले की भुताचे भय काही वाटले नाही, भुताची आई मात्र उत्तम जमली आहे. ऐसा पंतांचा बोलण्याचा नमुना. लोक पोट धरोन हसत, आणि ज्याचा खेळ नापसंत होई तो पायांकडे पाहत बाहेर जाई.

सर्वांत शेवटी दर्याबाई आली. ती पलीकडच्या काठची, कोळ्यांच्या वस्तीतली, उंच बाई, तशीही फार न बोलणारी, आणि तीन पावसाळे घरात बसोन तिने हा एकच खेळ केला होता. पंतांनी पेटी जोडली, तो पडदाभर पाणी. पाणी सुरेख, संध्याकाळचे, हलके हलणारे. पंतांनी उजवे बटण दाबले, पाणी. डावे दाबले, पाणी. मग दोन्ही हातांनी ऐसा तडाखा लाविला की पुढच्या रांगेतले मानकरी माना हलवू लागले, तरी पाणी ते पाणीच. पंत कंटाळले, पेटी मिटली आणि बोलिले, "यात पाणी आहे आणि पाण्याखेरीज काही नाही, आणि पाणी आमचे राज्यात खिडकीतोन फुकट दिसते. खेळ अडकलेला आहे. पुसावा." दरबार खो खो हसला. दर्याबाईने तोंड उघडले, मग चाल आठवोन मिटले, पंतांच्या हातांकडे एकवार पाहिले आणि निघोन गेली.

घरी पंतांस चैन पडेना. ऐसे पाणी रंगविणारी बाई खेळ अडकलेला आणील कशी, ऐसे मनात येई, आणि मग आपण बोललो ते बोललो म्हणोन मन दामटीत. दुसरे दिवशी दुपारी जेवण जाहले, वांग्याचे भरीत अंमळ अधिक जाहले, आणि पंतांनी कुलूप काढोन पेटी पडद्यास जोडिली आणि पुन्हा बटणे बडविली, आणि पाणी ते पाणीच, आणि बडविता बडविता डोळा लागला, आणि हात बटणांवरोन घसरोन मांडीवर आले. मग अर्धवट झोपेत पंतांस दिसो लागले ते ऐसे की पाणी उतरते आहे. आधी एका माडाचा शेंडा वर आला, आणि मग कौले, आणि कौलांवरोन पाणी ओघळोन गेले, आणि मग वळणीवर वाळत घातलेले लुगडे, ते कोरडेच, आणि गल्लीतोन मासे फिरत होते ते हळूच वळोन उताराकडे निघोन गेले, आणि एक दार उघडे दिसले, आत एक म्हातारी सूप घेऊन तांदूळ निवडीत होती, आणि तिने मान वर करोन म्हटले, "आलास? पाय धुऊन घे, पाण्याला काही तोटा नाही." पंत दचकोन जागे जाहले आणि जुन्या सवयीने बटणे आवळिली, आणि पाणी चढले, आणि म्हातारी गेली, दार गेले, कौले गेली, माड गेला.

पंत म्हणाले, "काय मेले स्वप्न!" तो दारातोन त्यांचे कुटुंब आवडाबाई बोलिल्या, "बंद कशाला केलेत? म्हातारीचे बोलणे पुरते होऊ द्यायचे होते. मी कधीची इथे उभी आहे."

तेव्हा पंतांच्या ध्यानी आले की स्वप्न नव्हे, खेळच ऐसा आहे. बटण दाबले की पाणी चढते, हात सोडला की उतरते. आणि ऐसी चूक राज्यात दुसरा कोणी करता ना. शेतकरी बसला असता तरी घटकाभराने हात खाली ठेवता, पण पारख्याचा हात बटणावरोन उठत नाही, त्याची सारी कीर्तीच तेवढी. मग पंत हात काखेत घालोन बसले. बोटे वळवळत, जणू खरूज जाहली, तरी बसले. पाणी उतरत गेले आणि पंत गल्लीगल्लीने पाहत गेले, कोणी हाक मारी, कोणी नुसते हसे, एक मूल पायरीवर बसोन ओली पाटी उन्हात धरीत होते, आणि कोठे जिंकणे नाही, हरणे नाही, ऊन मात्र कलत चालले होते, आणि पंतांस वाटू लागले की आपण येथे पूर्वी आलो आहो, जरी आले नव्हते. आणि गावाच्या टोकास पोचले तो समोर दगडी भिंत, उंच, काळी, आणि ती भिंत पंतांनी ओळखिली. राज्याचे तळे पूर्वी तळे नव्हते. थोरल्या महाराजांनी भिंत घातिली आणि खालचे गाव पाण्यात गेले आणि माणसे पलीकडच्या काठास नेऊन बसविली. हे सर्वांस ठाऊक, आणि बोलत कोणी नसे. पंतांस रडू आले, आणि रडू आले याचा रागही आला.

आवडाबाईंनी पुसिले, "शब्द फिरवलात तर गादी जाते ना?"

"जाते."

"आणि नाही फिरवला तर?"

"तर अमावास्येस ती बाई घाटावर बसोन आपले गाव आपल्या हाताने दुसऱ्यांदा बुडवील. आणि मी सांगितले म्हणोन बुडवील."

आवडाबाईंनी पेटी मिटली. मग म्हणाल्या, "इकडून आजवर एवढ्या लोकांना तोंडावर खरे सांगितले. आता स्वतःलाच सांगायची वेळ आली तर एवढा घाम?" पंतांस घाम आला होता हे खरे. भीती वाटत होती. गादी गेली म्हणजे आपण कोण, हे त्यांस ठाऊक नव्हते.

अमावास्येचे आदले दिवशी पंत दरबारी गेले, दर्याबाईस बोलावणे पाठविले, आणि सिंहासनावर बाईसाहेब होत्या त्यांस मुजरा करोन म्हणाले की, "दर्याबाईच्या खेळाविषयी मी बोललो ते चुकीचे बोललो. शब्द फिरवितो." एकच कल्लोळ जाहला. सुभानजी दिवाण म्हणाले की, एक शब्द फिरला तर मागले सारे शब्द डळमळले, मग पारखी कशाला, विदूषक ठेवू. आणि हैबतराव कारंजकर तर उठोन उभेच राहिले आणि म्हणाले, "पंत, मग माझी तारीफ केलीत ती?" बाईसाहेबांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "आधी दाखवा. भांडण मागून करू."

मग पंतांनी पेटी जोडिली आणि हात मांडीवर ठेविले. पाणी हलत राहिले. कोणी खोकले, कोणी जांभई दिली, दिवाण म्हणाले, "अडकला आहे," त्यांस बाईसाहेब म्हणाल्या, "दिवाणजी, तुम्हांला स्वस्थ बसवत नाही म्हणून सगळे जग अडकलेले नसते." आणि मग माडाचा शेंडा वर आला. दरबार हळूहळू निवला. कौले आली, लुगडे आले, म्हातारी बोलिली, आणि मानकऱ्यांपैकी कित्येकांनी नकळत जोडे काढोन ठेविले. एक कुत्रा गल्लीतोन निघाला, तांबडा, शेपूट वर, आणि साऱ्या गावातोन दुडकत गेला आणि त्या काळ्या भिंतीपाशी आला, आणि भिंतीतोन आरपार पलीकडे गेला, थांबला देखील नाही. पुढे उजेड मंदावला आणि खेळ संपला. बऱ्याच वेळाने बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, मत."

पंतांनी डोळे पुसले आणि स्वभावास धरोनच बोलिले, "खेळ थोर आहे. शेवट लांबला आहे. पायरीवरच्या मुलास डावा कान नाही. आणि कुत्रा भिंतीतोन जातो, ही तर उघड चूक, नवशिक्याचीही होऊ नये. तरीही ऐसा खेळ मी पाहिला नव्हता. पसंत."

मत जाहले म्हणजे कारागिरास बोलण्याची मोकळीक. दर्याबाई म्हणाली, "कानाचं कबूल, राहून गेला. कुत्र्याचं नाही. लाल्या रोज त्याच वाटेनं रानात जायचा. भिंत मागून आली. त्याला कोण सांगणार?"

दिवाण म्हणाले की, हा तर थोरल्या महाराजांवर ठपका आहे, पेटी जप्त करावी. बाईसाहेब खिडकीतोन तळ्याच्या त्या खऱ्या भिंतीकडे पाहत होत्या. थोरले महाराज त्यांचे आजोबा. मग म्हणाल्या, "ठपका असेल तर आहे. खेळ पुसायचा नाही. दर्याबाई, कान तेवढा लावा. आणि पंत, चाल ती चाल." पंत म्हणाले, "जी." आणि अंगावरची शाल काढोन गादीवर घडी करोन ठेविली आणि बाहेर आले.

हैबतराव पाठोपाठ धावत आले आणि पायरीवर गाठोन म्हणाले, "आता खरे सांगा. माझा पतंग?" पंत म्हणाले, "चांगला आहे हो, देवाशपथ. तुमचा तरी पुसलेला नाही, उद्या पुन्हा पाहू." आणि एवढे बोलोन पंत मधेच थांबले, आणि तोंड उतरले, आणि हैबतरावांस काही न सांगता घराकडे न जाता कुंभारवाड्याकडे वळले. तेथे भिकाजी म्हणोन एक गृहस्थ राहत. कैक वर्षांमागे त्यांनी एका घराचा खेळ आणिला होता, आणि पंतांनी दार ठोठावले, कोणी उघडले नाही, तेव्हा "रिकामे घर, पुसावा" म्हणोन मत दिले होते, आणि भिकाजींनी घाटावर बसोन तो पुसला होता आणि पुन्हा कधी खेळ केला नाही. भिकाजी ओट्यावर सुतळी वळीत होते. पंत म्हणाले, "भिकाजी, तुमच्या त्या घरात काय होते?"

भिकाजी म्हणाले, "आता काय करायचे आहे, पंत? पुसला तो."

"सांगा तरी."

भिकाजी वळता वळता म्हणाले, "फार काही नव्हतं. आत एक बाई होती. दार वाजलं की उठायची. वय झालं होतं, त्यामुळं दारापर्यंत यायला तिला वेळ लागायचा. तुम्ही गेलात तेव्हा ती मधल्या खोलीत पोचली होती."

एवंच, गिरमाजीपंतांनी उमरभर पारख केली आणि एक शब्द फिरविला, तो फिरविता आला म्हणोन एक गाव राहिले. बाकीचे शब्द फिरविता आले नाहीत. ते राज्य आता नाही, तळे आहे. जैसे ऐकिले तैसे लिहिले, अधिक उणे वाचणाराने सोसावे, येथोन पुढे कागद कोरा.